गंजलेले हुक आणि माझेच वाक्य

मृग लागण्याआधीच्या वादळाने रावेर तालुक्यात केळी आडवी होते, हे नवे नाही. त्याच वाऱ्याने घरांवरचे पत्रेही उडतात आणि मग माझ्यासारख्या विमा सर्वेक्षकाला बोलावणे येते. आम्ही नुकसान मोजतो असा लोकांचा समज असतो. प्रत्यक्षात आधी कारण शोधावे लागते, आकडा नंतर.

गेल्या वर्षी तापीकाठच्या एका गावी पोहोचलो, तेव्हा नऊ पत्रे शेजारच्या केळीच्या बागेत पडले होते. पत्रे वाशाला आवळून धरणारे इंग्रजी J आकाराचे हुक (जे-हुक) घरमालकीण आजींनी वेचून बादलीत ठेवले होते. "भाऊ, एवढे सापडले, बाकीचे बागेत असतील," त्या म्हणाल्या. एवढा चांगला पुरावा मला क्वचितच मिळतो. ओट्यावर बसून मी हुक निवडले. ज्यांचा वाक सरळ झाला होता, ते ओढले गेले होते. जे मानेशी तुटले होते, त्यांच्या तुटीचा रंग पाहावा लागतो, कारण चकाकणारी तूट ताजी असते आणि तांबूस-काळी जुनी. पत्र्यांची भोके फाटून लांबट झाली होती आणि त्यांच्या कडेला वायसरचा ठसा खोल उमटला होता, म्हणजे पत्रा नुसता सरकला नव्हता, उचलला गेला होता. वारा असे छत वर खेचतो. वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते, आणि दार उघडे पडले तर आत शिरलेला वाराही खालून ढकलतो. या घराच्या दाराची कडी उखडलेली होती.

हे सगळे अहवालात लिहिले, आणि 'काही हुक पूर्वीपासून गंजलेले होते' हेही लिहिले. कंपनीच्या पत्रात नेमके तेवढेच वाक्य उचललेले होते, आणि नैसर्गिक झीज म्हणून निम्म्याहून अधिक रक्कम कापलेली होती. दहा पावसाळे काढलेला बिनगंजाचा हुक त्या अधिकाऱ्याने मला एकदा दाखवावा. केळीच्या हवामानावर आधारित विम्यात वाऱ्याचा वेग हवामान केंद्राच्या नोंदीवरून धरतात, खोडाचे वय कोणी विचारत नाही.

मी पुरवणी टिपण पाठवले आहे. मात्र एक गोष्ट मूळ अहवालातही नव्हती आणि टिपणातही नाही: पलीकडच्या, तितक्याच जुन्या छताचा एकही पत्रा हलला नव्हता. त्यावर दगड ठेवलेले होते आणि वाऱ्याच्या बाजूला एक दुमजली घर आडवे होते, म्हणून ते वाचले असावे, असे मी स्वतःला सांगतो. तिथले हुक मात्र मी पाहिले नाहीत.