नाशिकच्या मैदानावर सीमारेषेचे कॅमेरे फायबरवर घ्यायचे आहेत? आमच्या रेकीचा वृत्तांत

या हंगामात नाशिकच्या एका क्रिकेट मैदानावर आम्हाला चार दिवसांच्या सामन्यांचं व्हिडिओचं काम करायचं आहे. सीमारेषेलगत चार रनआउट कॅमेरे, दोन्ही साइट स्क्रीनच्या मागे एकेक कॅमेरा, आणि सगळी चित्रं पॅव्हेलियनमधल्या अ‍ॅनालिस्टच्या खोलीत. मैदानाभोवती फायबर, म्हणजे उजेडावर सिग्नल नेणारी काचेची केबल, टाकलेलं आहे, असं कळलं होतं. ते आपल्या कामाचं आहे का, हे बघायला आम्ही तिघं पुण्याहून जाऊन आलो. मैदानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सगळं फायबर जिथे एकत्र येतं तो रॅक कुठल्या खोलीत आहे आणि फायबरची टोकं निघणाऱ्या पेट्या कुठल्या भिंतीत आहेत, ही माहिती चारचौघांत मांडायची नसते. नाशिकला काम करायला मला मनापासून आवडतं. गोल्फ क्लबच्या मैदानावर रणजी बघायला कामाच्या दिवशीही येऊन बसणारी माणसं या शहरात आहेत, आणि त्यांच्या खेळाडूंना चांगलं चित्रण मिळायलाच हवं.

प्रवासाचं थोडक्यात. नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा साधारण २१० किलोमीटरचा रस्ता. चाकणला वेळ जातोच, आणि नाशिकरोडकडून शहरात शिरताना द्वारका चौकात पुन्हा जातो. सामानाची गाडी पहाटे पाचच्या आत पुण्याबाहेर काढा. रेल्वेने येणाऱ्यांनी नाशिकरोड स्टेशन मूळ शहरापासून बरंच लांब आहे, हे लक्षात ठेवून रिक्षाचा वेळ धरावा.

मैदानावर पोचल्यावर पहिला प्रश्न किल्ल्यांचा असतो. रॅकच्या खोलीची किल्ली नेटवर्कचं काम बघणाऱ्या ठेकेदाराकडे, सीमारेषेवरच्या पेट्यांची इलेक्ट्रिशियन काकांकडे आणि जमिनीतल्या चेंबरची झाकणं उघडायची परवानगी मुख्य माळ्यांकडे. परवानगीचं पत्र कार्यालयात पोचलेलं असलं, तरी हे तिघं एकाच वेळी हजर नसतील तर दिवस वाया जातो. आम्ही आदल्या आठवड्यात तिघांना वेगवेगळा फोन करून एकच वेळ ठरवून घेतली होती. पुढे जाणाऱ्यांनी एवढं तरी नक्की करावं. माळीदादांना तर सगळ्यात आधी भेटा. रोलर कुठून जातो, स्प्रिंकलरचे पाइप कुठे आहेत, घुशींनी बिळं कुठे केली आहेत, हे फक्त त्यांना माहीत असतं. केबल मोडते ती बहुतेक याच तीन ठिकाणी.

कॅमेऱ्यांच्या जागा आम्ही फायबर बघण्याआधी ठरवल्या, आणि तोच क्रम योग्य आहे. खेळपट्टीवर दोन्ही टोकांच्या स्टंपांमधलं अंतर २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर. पॉपिंग क्रीज, म्हणजे रनआउट ठरवणारी रेघ, स्टंपांच्या चार फूट पुढे असते. म्हणून दोन्ही पॉपिंग क्रीजमध्ये १७.६८ मीटर उरतात, आणि एका बाजूचे दोन रनआउट कॅमेरे एकमेकांपासून नेमके तेवढ्या अंतरावर लागतात. दोघांच्या मधोमध भिंतीत पेटी असेल, तर दहा-दहा मीटरच्या दोन तुकड्यांत काम होतं. पंच शेजारच्या खेळपट्टीवर सामना घेणार असले, तरी क्रीजची रेघ त्याच ओळीत राहते, त्यामुळे हे कॅमेरे जागचे हलत नाहीत. साइट स्क्रीनमागचा कॅमेरा मात्र प्रत्येक खेळपट्टीमागे दहा फूट सरकतो. तिथे केबलचं वेटोळं सैल ठेवा. कुठल्या खेळपट्टीवर खेळणार हे क्युरेटरना रेकीच्या दिवशीच विचारा. त्यांनी दोन शक्यता सांगितल्या, तर दोन्हींसाठी केबल मोजा.

आणखी एक. खेळपट्ट्या शक्यतो उत्तर-दक्षिण घालतात, म्हणून रनआउट कॅमेरे पूर्व-पश्चिम बघतात. सकाळच्या सत्रात पश्चिमेच्या कॅमेऱ्याच्या डोळ्यात सूर्य, संध्याकाळी पूर्वेच्या. लेन्सहूड आणि छत्री यादीत हवीच.

इतकी मोजमापं झाल्यावर फायबर का हवं, ते आकड्यातच दिसतं. मैदानाची त्रिज्या ७० मीटर धरली तरी अर्धा घेर २२० मीटर होतो, आणि केबल मैदानातून आडवी नेता येत नाही, घेरानेच न्यावी लागते. १०८०पी ५० चं (सेकंदाला ५० फुल एचडी फ्रेमचं) चित्र एसडीआयवरून, म्हणजे व्यावसायिक व्हिडिओच्या नेहमीच्या केबल-पद्धतीने पाठवायचं, तर सेकंदाला २.९७ गिगाबिट जातात. चांगल्या तांब्याच्या केबलवरही शंभरेक मीटरनंतर भरवसा राहत नाही. शिवाय एका टोकाला जनरेटरची वीज आणि दुसऱ्या टोकाला महावितरणची असली, की तांब्याच्या केबलमधून अर्थिंगच्या फरकाने चित्रात पट्टे येतात. काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे ती भानगडच मिटते.

आता मुख्य काम. स्टेडियममध्ये ‘फायबर आहे’ या वाक्यात फार थोडी माहिती असते. सिंगल मोड आहे की मल्टिमोड (गाभ्याच्या जाडीवरून पडलेले फायबरचे दोन प्रकार)? आवरणाचा रंग पिवळा असेल तर बहुधा सिंगल मोड, फिकट निळा किंवा नारिंगी असेल तर मल्टिमोड. पण आवरणावर छापलेलं वाचल्याशिवाय विश्वास ठेवू नका. सिंगल मोडचा गाभा ९ मायक्रॉनचा, मल्टिमोडचा ५० किंवा ६२.५ चा. एकाची पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना जोड असलेली छोटी केबल) दुसऱ्याला लावली की उजेड बराचसा वाटेतच सांडतो, आणि मग लोक कॅमेऱ्यात दोष शोधत बसतात. इथे सिंगल मोड निघालं, बारा कोअरची (काचतंतूंची) केबल, रॅकमधल्या पॅनेलवर एलसी या लहान जोडाचे निळे कपलर (दोन टोकं जुळवणाऱ्या खाचा). सीमारेषेवरच्या पेटीत मात्र एससी, म्हणजे मोठ्या जोडाचे, तेही हिरवे.

हा रंग नीट समजून घ्या. निळा म्हणजे यूपीसी, टोक सपाटच्या जवळ घासलेलं. हिरवा म्हणजे एपीसी, टोक आठ अंशांनी तिरकं. दोन्ही एकमेकांत बसतात, पण बसवायचे नाहीत. मधे फट राहते, उजेड परततो आणि टोकांना ओरखडे पडतात. घरगुती ब्रॉडबँडसाठी आपल्याकडे सर्रास हिरवे एससीच वापरतात. पेट्या स्थानिक केबलवाल्याकडून भरून घेतल्या असतील तर हिरवेच मिळणार, हे गृहीत धरा. याच कारणाने एम. जी. रोडवर ऐन वेळी पॅच कॉर्ड घ्यायला गेलात, तर हिरव्या मिळण्याची शक्यता जास्त. एका टोकाला एससी एपीसी आणि दुसऱ्याला एलसी यूपीसी अशा सिंगल मोडच्या कॉर्ड आधीच बनवून आणा, जितक्या लागतील त्याच्या दुप्पट.

पॅनेलवरच्या चिठ्ठ्यांचं सांगतो, कारण अर्धा दिवस तिथेच गेला. पॅनेलवर ‘पूर्व १ ते १२’ लिहिलं होतं, पेटीत फक्त सहा कपलर. बाकीचे सहा कोअर पेटीच्या आत गुंडाळून ठेवलेले, टोकं जोडलेलीच नाहीत. जे सहा होते त्यांचे आकडेही दोन ठिकाणी उलटसुलट. आम्ही तांबडा लेझर टाकणारी पेन वापरून एकेक कोअर ओळखला. एक जण रॅकपाशी उजेड टाकतो, दुसरा पेटीपाशी बघतो, तिसरा वहीत लिहितो. रॅकच्या खोलीत मोबाइलला रेंज नसतेच असं समजा आणि वॉकीटॉकी घेऊन जा. या तांबड्या उजेडाने फक्त ओळख पटते. कोअरची तब्येत त्यातून कळत नाही, तिच्यासाठी मोजमाप लागतं.

मोजण्याआधी पुसणं. प्रत्येक टोक, नवीन पाकिटातून काढलेलंसुद्धा, आधी स्कोपखाली (टोक मोठं करून दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली) बघायचं, मग पेनसारख्या क्लीनरने पुसायचं, पुन्हा बघायचं. ९ मायक्रॉनच्या गाभ्यावर माणसाच्या केसाहून कितीतरी बारीक धुळीचा कण बसला तरी पुरतो. मैदानावर तर रोलर, झाडू, लाल माती. टोपण काढून ठेवलेलं टोक दोन मिनिटंही उघडं ठेवू देऊ नका. आणि टोकात डोळा घालून बघायची सवय कुणाला असेल, तर तिथल्या तिथे थांबवा. १३१० आणि १५५० नॅनोमीटरचा उजेड डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यातही तो दिसत नाही, त्यामुळे ‘मोबाइलमध्ये बघितलं, काही नाहीये’ हा पुरावा धरू नये.

मग लाइट सोर्स आणि पॉवर मीटर, म्हणजे एका टोकाला उजेड टाकून दुसऱ्या टोकाला किती पोचतो ते मोजणं. हिशोब सोपा आहे. १३१० वर किलोमीटरमागे साधारण ०.३५ डेसिबल घट, म्हणजे तीनशे मीटरला ०.१ च्या आसपास. खरी घट जोडांत होते, प्रत्येकी अर्धा डेसिबलपर्यंत धरा. चार जोड असले तर दोन-सव्वादोनच्या वर आकडा जाता कामा नये. दहा गिगाबिटच्या एलआर मॉड्यूलला (उजेड पाठवणारं आणि घेणारं, दहा किलोमीटर पल्ल्याचं उपकरण) किमान ६.२ डेसिबलची घट सोसते, तेव्हा हातात भरपूर आहे. आमच्या सहापैकी चार कोअर दीडच्या आत आले. एक पुसल्यावर आला. एक काही केल्या नऊच्या खाली उतरेना, तो आम्ही लाल टेपने बाद केला. बाद कोअर कागदावर बाद लिहून पॅनेलवरही खूण करा, नाहीतर सामन्याच्या सकाळी घाईत नेमका तोच कुणीतरी वापरतो.

लांब पल्ल्याची मॉड्यूलं आणली की जास्त चांगलं, असा समज मी फार जणांकडे बघतो. ८० किलोमीटरवालं मॉड्यूल तीनशे मीटरवर लावलं तर समोरच्या रिसीव्हरवर उजेडाचा मारा होतो, तो बिघडूही शकतो. दहा किलोमीटरवालंच घ्या. आणि एसडीआय कन्व्हर्टरमध्ये (कॅमेऱ्याचा सिग्नल उजेडात बदलणाऱ्या डब्यात) व्हिडिओसाठीचंच मॉड्यूल हवं. नेटवर्क स्विचचं मॉड्यूल त्याच खाचेत बसतं, साधं चित्रही दाखवतं, पण काही विशिष्ट चित्रांवर अडखळतं, आणि तो दोष सापडायला फार वेळ जातो.

मोठ्या कॅमेऱ्यांची हायब्रिड केबल वापरणाऱ्यांसाठी: त्या केबलमध्ये दोन काचेचे कोअर आणि सोबत तांब्याच्या तारा असतात, कॅमेऱ्याला वीज त्यातूनच मिळते. स्टेडियमच्या साध्या फायबरमधून वीज येणार नाही. प्रत्येक पेटीपाशी वेगळी वीज लागेल. इथे पूर्वेच्या पेटीजवळ प्लग होता, पश्चिमेला नव्हता. इलेक्ट्रिशियन काकांनी जवळच्या फ्लडलाइटच्या खांबाकडे बोट दाखवलं, पण आम्ही यूपीएसवरची वेगळी लाइन मागितली. फ्लडलाइटच्या लाइनवर कॅमेरे टाकू नयेत, हे माझं ठाम मत आहे.

पुढचा मुद्दा नेटवर्कवाल्यांशी बोलायचा. तुम्हाला डार्क फायबर हवं आहे, म्हणजे दोन्ही टोकं रिकामी आणि उपकरणं आपली, की त्यांच्या स्विचवरून जायचं आहे? मी डार्क फायबरच मागेन. त्यांच्या स्विचवर सीसीटीव्ही आणि प्रवेशद्वाराची यंत्रणा चालू असते. तरी स्विचवरूनच जावं लागलं तर वेगळं व्हीलॅन (त्याच स्विचवरचं स्वतंत्र जाळं) घ्या, मल्टिकास्टसाठी (एकच चित्र अनेकांना एकदम पाठवण्यासाठी) आयजीएमपी स्नूपिंग, म्हणजे ते चित्र मागणाऱ्या पोर्टवरच सोडायची सोय, चालू आहे आणि कोणाला चित्र हवं हे विचारत राहणारा क्वेरियर कुठला आहे हे लेखी घ्या, आणि आपल्या राउटरचं डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटणं) बंद करूनच तार लावा. बँडविड्थही आधी सांगा. कॉम्प्रेस न केलेलं १०८०पी ५० चं चित्र दोन गिगाबिटच्या वर जातं, एक गिगाबिटच्या पोर्टमधून ते जाणार नाही. एनडीआय (चित्र कॉम्प्रेस करून नेटवर्कवरून पाठवायची पद्धत) घेतलं तर एका कॅमेऱ्याला सव्वाशे-दीडशे मेगाबिट धरा.

जेवणाचं म्हणाल तर सकाळी काळ्या रश्श्याची मिसळ खाऊन कामाला लागा. दुपारी पेट्या उघड्या टाकून सगळे एकदम जेवायला जाऊ नका.

जानेवारीत येणार असाल तर थंडीची तयारी हवी. शेजारच्या निफाडचं किमान तापमान दर हिवाळ्यात बातम्यांत येतं, शहरातही पहाटे बोचरं असतं आणि सीमारेषेवर दव साचतं. जोड जमिनीवर पडलेले नकोत. विटेवर किंवा पेटीत उचलून ठेवा, वर प्लास्टिक बांधा, पण खालून हवा खेळू द्या. रात्री टोपणं लावलेली असतील, तरी सकाळी जोडताना पुन्हा पुसा. चारदिवसीय सामना साडेनऊला सुरू होतो, तेव्हा सहा वाजता फाटक उघडायची परवानगी पत्रातच लिहून घ्या. सुरक्षारक्षकाकडे त्याची प्रत हवी, कार्यालयातली उपयोगाची नाही.

शेवटचं, मैदानाबाहेरच्या लाइनबद्दल. चित्र बाहेर पाठवायचं असेल तर आतलं फायबर कितीही चांगलं असलं, तरी पुढचा रस्ता इंटरनेट कंपनीचा. सिंहस्थाच्या कामांसाठी शहरात खोदकाम चालू आहे आणि जेसीबीला जमिनीतलं फायबर दिसत नाही. दोन कंपन्यांच्या लाइन घेतल्या तरी दोन्ही एकाच चरातून आत येत असतील, तर एका घावात दोन्ही जातात. नेटवर्कवाल्यांसोबत फाटकापर्यंत चालत जाऊन लाइन कुठून शिरतात ते डोळ्यांनी बघा, आणि एकाच बाजूने असतील तर तिसरी म्हणून मोबाइलच्या सिमवर चालणारं एन्कोडर भाड्याने ठरवून ठेवा.