दाढ काढायच्या आधीच हाडाचं विचारा, माझा अनुभव

खालच्या दाढेचं रूट कॅनल झालेलं होतं पण मुळालाच तडा गेला, डॉक्टर मॅडम म्हणल्या आता काढावीच लागेल. आमच्या परभणीत सहसा कसं, दाढ काढली की कापूस चावत घरी, पुढचं पुढं बघू. पण यांनी आधीच विचारलं, इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर नवा दात, करायचंय का, असंल तर काढतानाच हाड राखू. दाढ गेली की तिथलं हाड झिजायला लागतं, जास्त झीज पहिल्या 3 ते 6 महिन्यातच, त्यातही गालाकडची भिंत पातळ असते ती आधी बसते. माझ्या ताईचं हेच झालंय, दाढ काढून बरीच वर्षं झाली, आता इम्प्लांटला गेली तर हाड एवढं अरुंद की आधी ते वाढवायचं मोठं ऑपरेशन सांगितलंय.

माझी दाढ ओढून नाही काढली, मधोमध कापून दोन्ही मुळं वेगवेगळी हळूच सोडवली, म्हणजे बाजूचं हाड फुटत नाही. भूल होती, दुखलं नाही, नुसता दाब जाणवतो. मग खड्डा साफ करून ग्राफ्ट, म्हणजे हाड राखायला भरायचे दाणे, भरलं. मी वाटी बघायला मागितली, जाड्या मिठासारखे दाणे, माझ्याच रक्तात भिजून लाल झालेले. वर कोलॅजनचा पातळ पापुद्रा, तो आपोआप विरघळतो, आणि टाके. हे दाणे बऱ्याचदा गाईच्या हाडावर प्रक्रिया करून केलेले असतात, आमचं घर माळकरी, म्हणून मी आधीच विचारलं तर सिंथेटिक पण मिळतं म्हणल्या, तेच घेतलं. विचारायला लाजू नका.

घरी आल्यावर जोरात चूळ नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉ नाही, नाहीतर रक्ताची गाठ निघून येते. गार आंबील, नंतर दुधात कुस्करलेली भाकर, ठेच्याचं नावच नको. दोन-चार दाणे जिभेवर आले तेव्हा लई घाबरले, फोन केला, थोडे निघतातच म्हणल्या. तंबाखू-गुटखा खाणाऱ्यांचं आणि शुगर वाढलेल्यांचं मात्र लवकर भरत नाही, हे खरंच मनावर घ्या.

मग काही महिने थांबून सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचा थ्रीडी एक्स-रे, केला, हाडाची रुंदी आणि खालच्या नसेपासूनचं अंतर मिलीमीटरमध्ये मोजून दाखवलं. थोडं हाड गेलंच, झीज पूर्ण थांबत नाही, पण इम्प्लांट बसंल एवढं राहिलं होतं. मागच्या महिन्यात टायटॅनियमचा स्क्रू बसवला, आता हाडानं त्याला धरलं की कॅप.

ग्राफ्टचे पैसे वेगळे लागतात, आधीच विचारून घ्या. खाजगीत परवडत नसेल तर संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात चौकशी करा, ताईला मी आधी तिथंच दाखवणारे.