काँक्रीटच्या जमिनीवर ॲसिड स्टेन: रंग चढला, सीलरचा पहिला हात झाला

मागच्या खोलीतील काँक्रीटच्या जमिनीवर तपकिरी रंग आता पक्का बसला असून सीलरचा, म्हणजे रंगावर द्यायच्या पारदर्शक संरक्षक लेपाचा, पहिला पातळ हात वाळतो आहे. दुसरा हात देण्यापूर्वी आतापर्यंतच्या कामाची नोंद करून ठेवतो, कारण या कामात रंग लावण्याला जेमतेम काही तास लागतात आणि बाकीचा सारा वेळ तयारीत, धुण्यात आणि वाट पाहण्यात जातो.

ॲसिड स्टेन हा वरून बसणारा रंग नव्हे. त्यात पाणी, हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि लोह, मँगनीज किंवा तांबे यांचे क्षार असतात. ॲसिडमुळे पृष्ठभाग किंचित उघडतो आणि हे क्षार काँक्रीटमधील मुक्त चुन्याशी संयोग पावून आतच रंगीत संयुगे तयार करतात. त्यामुळे डब्यावरील नमुन्यापेक्षा आपल्या जमिनीत चुना किती उरला आहे आणि ती कशी घोटली गेली आहे, यावर छटा अधिक अवलंबून असते. एकसारखा, भिंतीला देतात तसा सपाट रंग ज्यांना हवा असेल, त्यांनी पाण्यावर आधारित स्टेन घ्यावा. माझ्या जमिनीचा मधला भाग थापीने खूप घोटलेला आणि कडेचा भाग सच्छिद्र आहे, त्यामुळे दोन छटा येणारच होत्या आणि मला त्या हव्याच होत्या.

याच कारणाने मी जमीन आधी ॲसिडने धुतली नाही. हा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्या धुण्यात वरचा चुनाच खर्ची पडतो आणि नंतर स्टेनला संयोगासाठी काही उरत नाही. जुन्या सीलरचे अवशेष आणि चिकटद्रव्याचे डाग घासयंत्राला ८० नंबरचा पॉलिश पेपर लावून काढले. मग जागोजागी पाणी शिंपडून पाहिले: जेथे ते पटकन जिरले ती जागा तयार, आणि जेथे थेंब तसाच उभा राहिला तेथे पुन्हा घासकाम. भेग बुजवलेल्या जागी भरलेल्या मसाल्याने रंग जवळजवळ घेतलाच नाही. ती फिकट रेघ मी मुद्दाम झाकलेली नाही. नवीन काँक्रीट असेल, तर ते ओतल्यापासून किमान २८ दिवस तरी जाऊ द्यावेत.

छटा निवडण्यासाठी कपाटाखाली झाकल्या जाणाऱ्या कोपऱ्यात चाचणीचे पट्टे काढले. तांब्याच्या क्षाराचा हिरवट निळा पट्टा सर्वांत देखणा होता, तरी तो बाद केला. खालून ओल येत असेल, तर सीलरखाली ही छटा काळवंडू शकते. लोहाच्या तपकिरीला तो धोका नाही.

स्टेन प्लास्टिकच्या फवारणी पंपाने दिला, कारण धातूचे भाग ॲसिडने खराब होतात. फवारताच बारीक फेस येतो, तो संयोग सुरू झाल्याची खूण आहे. ओली कडा वाळू न देता पुढे सरकणे आणि ब्रश गोलाकार फिरवणे, एवढेच काय ते कौशल्य. खिडक्या उघड्या, रबरी हातमोजे, चष्मा आणि ॲसिडच्या वाफांसाठीचा मुखवटा हवाच. ॲसिड पातळ करायचे असेल तर पाण्यात ॲसिड ओतावे, ॲसिडमध्ये पाणी कधीही नाही. ब्लीच तर त्याच्या आसपासही नको, कारण त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

सर्वाधिक श्रम धुण्यात गेले. खायच्या सोड्याच्या द्रावणाने ॲसिड शमवले, ब्रशने घासले आणि गढूळ पाणी ओल्या व्हॅक्यूमने ओढून घेतले; पाणी स्वच्छ येईपर्यंत हे चक्र चालू ठेवले. धुतलेल्या पाण्यात पीएच पट्टी बुडवून ते उदासीन झाल्याची खात्री केली आणि वाळल्यावर पांढरे फडके फिरवून पाहिले. फडक्यावर तपकिरी भुकटी येत असेल, तर सीलर त्या भुकटीला चिकटतो, जमिनीला नाही, आणि मग त्याचे पापुद्रे निघतात. वाळलेली जमीन या टप्प्यावर निस्तेज दिसते, त्यावरून निराश होऊ नये. ओली असताना जो रंग दिसतो, तो सीलरनंतरच्या रंगाच्या जवळपास जातो.

सीलरपूर्वी, खालून ओल येते का हे पाहण्यासाठी, सुमारे १८ इंच लांबीरुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून किमान १६ तास ठेवला. खाली दव किंवा काळसर डाग दिसला असता, तर थांबलो असतो. जमिनीच्या घट्टपणासाठी सिलिकेटचे द्रावण वापरणाऱ्यांनी ते स्टेननंतरच वापरावे, कारण तेही त्याच चुन्यावर काम करते.

सीलर म्हणून सॉल्व्हंटवर (उडून जाणाऱ्या द्रावकावर) आधारित ॲक्रिलिक निवडला. एपॉक्सी अधिक टणक असते, परंतु उन्हाने पिवळी पडते आणि या खोलीत ऊन भरपूर येते. शिवाय ॲक्रिलिकचा नवा हात जुन्याला किंचित विरघळवून त्यात मिसळतो, त्यामुळे पुढील डागडुजी सोपी होते. हात पातळच हवा. जाड थरात सॉल्व्हंट अडकून बुडबुडे उमटतात, म्हणून जमीन तापलेली नसताना संध्याकाळी काम केले. दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने देणार आहे. त्यावर झीज सोसण्यासाठी मेणाचा थर द्यायचा विचार आहे, मात्र दाराजवळ पाय ओले असतात, तेथे मेणाऐवजी सीलरमध्येच घसरणरोधक बारीक भुकटी मिसळेन.