भन्ते थांबतात तेव्हा आम्ही चालतो

२३ सप्टेंबरला बाहेरगावच्या बसगाड्या बडोद्यात येतात त्या थेट कमाटीबागेपाशी थांबतात. बागेत संकल्पभूमी आहे, बाबासाहेब आंबेडकरांनी १९१७ मध्ये अस्पृश्यता संपवण्याचा संकल्प केला असं मानतात ती जागा. तिथे वंदना, फोटो, डबा आणि परत. लांबून आलेली माणसं, त्यात वावगं काही नाही. आमच्या विहारातला घोळका मात्र मांडवीपासून चालत जातो. अंतर तीनेक किलोमीटर. यंदा भुसावळची भाची आली होती. "मावशी, एवढ्याला वारी म्हणायचं?" म्हटलं, चल तर खरं, दुपार होते की नाही बघ.

दुपार होतेच, कारण आम्ही जागोजागी थांबतो आणि थांबलो की वाद घालतो.

मांडवीच्या कमानीखाली त्रिशरण-पंचशील झालं. भन्तेजी, म्हणजे विहारातले भिक्खू, आले नव्हते. वर्षावास चालू होता. दिवसा बाहेर जाऊन संध्याकाळी परतायला हरकत नसते, पण आमचे भन्ते कडक. आषाढी पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा भिक्खूंनी एका जागी राहायचं, हा नियम लोकांच्या कुरकुरीतून आला. पावसाळ्यात पाखरंसुद्धा घरट्यात बसतात आणि हे शाक्यपुत्राचे श्रमण कोवळं गवत, किडामुंगी तुडवत हिंडतात, असं लोक म्हणू लागले, तेव्हा बुद्धांनी तो घालून दिला. एरवी संबोधीनंतरची पंचेचाळीस वर्षं ते स्वतः चालतच होते. पंढरीची वारी आषाढात वाटेवर असते, भिक्खू आषाढात थांबतात, आणि आम्ही ऐन वर्षावासात झेंडे घेऊन रावपुऱ्यातून निघतो. मला हा विरोधाभास आवडतो.

पहिला मुक्काम ज्युबिली बागेतला बुद्धाचा पुतळा. बडोद्याचे राजे सयाजीराव गायकवाड यांच्या काळातला. बडोदेकर त्याच्या शेजारून रोज स्कूटर हाकतात, मान वर करून बघणारे थोडे. इथे गुरुजी बोलतात. (निवृत्त मास्तर आहेत, त्यांना दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नाही.) त्यांचं म्हणणं असं, की महाराष्ट्रात बुद्ध परत आला तो बडोद्यामार्गे. कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी १८९८ साली मराठीत बुद्धचरित्र लिहिलं ते सयाजीरावांच्या ग्रंथमालेसाठी. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा केळुसकरांनी तेच पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं. धर्मानंद कोसंबी गोव्यातून निघून श्रीलंकेत भिक्खू झाले, पाली शिकून परतले, तेव्हा दरमहा पन्नास रुपये देऊन त्यांना मराठी मुलखात राहून लिहायला सांगणारे सयाजीरावच. बुद्ध, धर्म आणि संघ यांवरची कोसंबींची व्याख्यानं १९१० मध्ये इथेच झाली. आमच्यातल्या तरुण पोरांना या यादीत राजाचं नाव इतक्यांदा येतं ते खटकतं. मला खटकत नाही. पुढे काळा घोडा, म्हणजे त्याच राजाचा पुतळा, येतोच.

रावपुऱ्यात भाचीने वही काढली. ती स्पर्धा परीक्षा देते. वहीत तीन रकाने आखलेले: हीनयान, महायान, वज्रयान. "गुरुजी, आपण यातले कुठले?"

गुरुजी फुटपाथवरच थांबले. नेमकी तेव्हा कुणीतरी काकडीच्या फोडी आणि मिठाची पुडी पुढे केली होती. त्यांनी पुडी उचलली. "हे बघ, भांडण यावरून सुरू झालं." परिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशालीत दुसरी संगीती, म्हणजे भिक्खूंची परिषद, भरली ती दहा मुद्द्यांवर. त्यातला एक, भिक्खूने शिंगात मीठ साठवून ठेवावं का? दुसरा, सोनं-चांदी घ्यावी का? मीठ ऐकून हसू येतं, पण साठवण सुरू झाली की पुढे काय काय येतं हे गुरुजींनी सांगायची गरज नव्हती. याच सुमारास स्थविर आणि महासांघिक अशी फूट पडली आणि मग एकेकाचे अनेक निकाय, म्हणजे पंथ, झाले. स्थविरांची एक शाखा अशोकपुत्र महिंदाबरोबर श्रीलंकेत गेली. तोंडपाठ त्रिपिटक तिथेच इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात लिहून काढलं गेलं. तोच थेरवाद, म्यानमार-थायलंडचाही. महायानाने आदर्श बदलला: एकट्याच्या मुक्तीवर न थांबणारा, सगळ्यांसाठी परत परत जन्म घेणारा बोधिसत्त्व. तो चीन, कोरिया, जपानला गेला. मंत्र-मंडलांचं वज्रयान तिबेटात रुजलं. हे भाचीला माहीत होतंच. मिठाचं नव्हतं.

विश्वामित्रीच्या पुलावर पाच मिनिटं मगरी शोधण्यात जातात. त्याला इलाज नाही, बरोबर पोरं असतात.

मग काळा घोडा. घोड्यावरच्या सयाजीरावांनीच १९१३ मध्ये आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन कोलंबियाला पाठवलं. १९१७ मध्ये ते करारापोटी नोकरीला परत आले आणि राजाच्या याच गावात त्यांना डोकं टेकायला खोली मिळाली नाही. पारशी नाव लावून ते पारशांच्या सराईत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली माणसं दारात आली. दोन मित्रांकडे विचारून पाहिलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही टाळलं. मुंबईची गाडी रात्री नऊला. मधले तास त्यांनी कमाटीबागेत काढले.

तिथल्या भाषणांत दरवर्षी संकल्पाचं वर्णन फार तपशिलाने होतं. बाबासाहेबांनी स्वतः लिहिलं आहे ते वेगळं आणि साधं आहे: मन सुन्न होतं, आणि निराधार झालेल्या लेकरासारखी आई-वडिलांची आठवण आली. मला तेवढं पुरतं. दगडावर कोरायला संकल्प बरा दिसतो, पण शिकूनसवरून आलेल्या त्या माणसाला बागेत आई आठवली, हे वाचून मी पहिल्यांदा इथे आले.

वंदनेनंतर गवतावर डबे उघडले. भाचीचा पुढचा प्रश्न चार आर्यसत्यांचा. दुःख आहे, त्याला कारण आहे, ते थांबतं, थांबवायचा अष्टांगिक मार्ग आहे. सारनाथला बुद्धांनी पाच जुन्या सोबत्यांना हेच सांगितलं, असं ग्रंथ म्हणतात. पण बाबासाहेबांनी आपल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच विचारलं आहे, की ही सत्यं मूळची की भिक्खूंनी मागाहून घातलेली? म्हातारा, रोगी, प्रेत बघून सिद्धार्थ घराबाहेर पडला, हेही त्यांना पटलं नाही. त्यांच्या मते कारण होतं रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांचं भांडण आणि सिद्धार्थाचा युद्धाला विरोध. एका बाईंना हे रुचलं नाही. "दुःख काढून टाकलं तर उरतं काय?" काढलेलं नाहीच, गुरुजी म्हणाले. जन्मावरून मिळणारं दुःख माणसाने माणसाला दिलेलं असतं, तेही थांबवायच्या यादीत धरलं, इतकंच. बाईंचं समाधान झालं नाही. माझंही अर्धंच झालं.

तिथून आम्ही काही जण विद्यापीठाकडे गेलो. १९६० ते ६३ या काळात इथल्या पुरातत्त्व विभागाने शामळाजीजवळ देवनी मोरीचा स्तूप उकरला. आत दगडी करंडक निघाला. त्यावरचा लेख संस्कृतात आहे, दशबलाच्या, म्हणजे बुद्धाच्या, शरीरधातूंचं हे निवासस्थान असं सांगणारा. स्तूपाची जागा आता मेश्वो धरणाच्या पाण्याखाली आहे, करंडक बडोद्यात. आम्ही बाहेरूनच हात जोडतो.

"म्हणजे गुजरातेत विहार होते?" भाचीने विचारलं. होते म्हणजे! सातव्या शतकात ह्युएन त्संग वलभीला आला तेव्हा त्याने शंभरेक विहार आणि सहा हजार भिक्खू नोंदवले, बहुतेक संमितीय निकायाचे. आत्मा नाही हे त्यांनाही मान्य होतं, पण जन्मोजन्मी कर्माचा भार वाहणारं कुणीतरी असलं पाहिजे म्हणून ते 'पुद्गल' मानत, आणि त्यापायी बाकीच्या बहुतेक निकायांचा मार खात. पुढे तो निकायच संपला. त्यांचं साहित्य बहुतेक गेलं, थोडं चिनी भाषांतरात उरलं.

भाचीने वहीत चौथा रकाना आखला, बाबासाहेबांच्या धम्माचा: नवयान, नागपूर, १४ ऑक्टोबर १९५६. गुरुजींनी तिच्या हातून पेन घेऊन पाचवा आखला आणि लिहिलं: संमितीय, वलभी.

"परीक्षेला नाही येणार हे," ती म्हणाली.

"नाहीच येणार," गुरुजी म्हणाले आणि रिक्षा बघायला लागले.