जत्रांच्या कॅलेंडरची साइट: नव्या मांडणीची नोंद

जत्रांच्या कॅलेंडरचं पहिलं पान नव्याने मांडून झालं. नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. गोव्यातल्या जत्रा आणि त्या निमित्ताने रात्री रंगणारी मराठी नाटकं एका ठिकाणी सापडावीत म्हणून फोंड्यात बसून, नोकरी सांभाळून ही साइट करतो आहे. या खेपेला कोड फारसा लिहिला नाही. पानावर नजर आधी कुठे पडते आणि मग कुठे जाते, एवढंच बघितलं.

इथे येणारा विचारतो तो प्रश्न साधा असतो: कधी आणि कुठे? मुंबईहून कुळदेवीला येणाऱ्याला रजा टाकायची असते. सत्तरी तालुक्यातल्या नाटकवेड्याला पडदा किती वाजता वर जाणार ते हवं असतं. देवळाचा इतिहास, पालखीचे फोटो, नाटकातल्या कलाकारांची नावं हे सगळं मला जीव की प्राण आहे, पण त्याची पाळी नंतर. म्हणून प्रत्येक नोंदीत सर्वांत मोठा तारखेचा आकडा, त्याला लागून महिना आणि वार, खाली गाव, त्याखाली देवस्थान आणि वेळ.

तिथीवर बराच खल केला. शिरगावच्या लईराई देवीची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला, हे ठरलेलं. इंग्रजी तारीख दर वर्षी हलते. गावच्या माणसाला तिथी सांगितली की पुरतं, बाहेरच्याला तारीख लागते. दोन्ही सारख्याच आकारात ठेवल्या की डोळा दोहोंत अडकतो. तिथी आता तारखेखाली, मजकुराच्याच आकारात पण जरा ठळक आहे. जाणत्याला ती चटकन सापडते आणि बाकीच्यांच्या वाटेत येत नाही.

सगळ्यात जास्त वेळ अक्षरांवर गेला, आणि तो जायलाच हवा असं माझं ठाम मत आहे. वेब डिझाइनचे बहुतेक धडे रोमन लिपी समोर ठेवून लिहिलेले असतात. तिकडे मथळा सगळा कॅपिटलमध्ये टाकला की उठून दिसतो. आपल्या लिपीत कॅपिटल नाहीत, आणि तिरप्या अक्षरांची सवयही वाचकाला कमीच. मग काय जास्त महत्त्वाचं हे दाखवायला उरतात आकार, जाडी, रंग आणि मोकळी जागा. मी ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा मोफत फाँट घेतला, कारण त्यात बारीक ते अतिठळक अशा सात जाड्या मिळतात. वापरल्या मात्र दोनच. मजकूर १८ पिक्सेल, आणि तिथून प्रत्येक पायरी सव्वापट: साधारण २२, २८, ३५. पायऱ्यांमधलं अंतर कमी ठेवलं तर मथळा आणि मजकूर यांतला फरक नुसता शंकेपुरता उरतो.

ओळींमधल्या अंतरासाठी माझा कसोटीचा शब्दसमूह सांगतो: ‘श्री शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण’. वर अनुस्वार, वेलांट्या आणि रफार, खाली उकार, मधे ‘ळ्ळ’. हा ‘ळ्ळ’ काही फाँटांत एकाखाली एक बसतो आणि चांगलाच खाली उतरतो. हे नाव दोन ओळींत मोडलं की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडू लागतात. लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या किती पट, ती १.४ ठेवली की मजकूर गच्च दिसतो, १.७ ला मोकळा श्वास घेतो. मोठ्या मथळ्यांना १.४ चालतं. लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, मात्र शून्यच ठेवा. रोमन मथळ्यात अक्षरं फाकवणं शोभतं, आपल्याकडे शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे मराठी साइटवाल्यांचंही लक्ष नसतं. पानाची भाषा ब्राउझरला सांगणाऱ्या लँग अ‍ॅट्रिब्यूटमध्ये मराठीचा कोड, म्हणजे ‘एमआर’, घाला. फाँटमध्ये मराठी रूपं दिलेली असतील तर ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे उमटतात, नाहीतर हिंदी वळणाचे. ‘लईराई’ आणि ‘शांतादुर्गा’ या दोन नावांची सुरुवातच या अक्षरांनी होते, तेव्हा माझ्या साइटवर हा फरक पहिल्याच शब्दात दिसतो. लिंकखालची रेघही उकारांना कापत जाते. ती अक्षराच्या आकाराच्या पाव पटीने खाली सरकवली की ‘कुंकळ्ळी’ नीट वाचता येतं.

रंग देवळाच्या भिंतीवरून घेतला. कोकण-गोव्यात कावी कलेची परंपरा आहे. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर काव, म्हणजे तांबडी-विटकरी माती, आणि दोन्हींत खरवडून काढलेली नक्षी. रंग दोनच, तरी ती लांबूनही ओळखू येते. चुन्याच्या जवळची पांढरी छटा आणि गडद काव घेऊन कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोन रंगांच्या उजळपणातला फरक, मोजला, तर गुणोत्तर सातच्या वर गेलं. वेबपानं सर्वांना वापरता यावीत म्हणून डब्ल्यूसीएजी नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत; त्यांच्या एए पातळीला साध्या मजकुरासाठी ४.५ लागतं, कडक एएए पातळीला ७. उलट झेंडूचा केशरी-पिवळा त्याच पांढऱ्यावर दोनलाही पोचत नाही. जत्रा म्हटली की झेंडू हवाच, म्हणून तो फक्त ‘आज’ या पट्टीच्या पार्श्वभूमीला ठेवला आणि त्यावर अक्षरं गडद काव रंगाची. ‘आज’ हा शब्दही लिहिला आहे. नुसत्या रंगावर विसंबलं तर रंग नीट न दिसणाऱ्याला काहीच कळत नाही.

नोंदींभोवतीच्या चौकटी सगळ्या काढल्या. मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहायमर यांनी १९२३ मध्ये दाखवलेलंच इथे वापरलं: जवळजवळच्या गोष्टी डोळा आपोआप एका गटात घेतो. एका नोंदीच्या आत ८ पिक्सेल अंतर, दोन नोंदींमध्ये ३२. एवढ्याने कोणती वेळ कोणत्या गावाची हे स्पष्ट होतं, आणि फोनच्या अरुंद पडद्यावर रेघांचा गोंगाट राहत नाही.

फोटोंचं थोडक्यात. मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ आडव्या पट्टीत घातला की वरचे मजले तरी जातात नाहीतर पाया. म्हणून सगळीकडे उभं ४:५ प्रमाण. फोटोवर अक्षरं अजिबात नाहीत. रुंदी-उंची आधीच लिहून ठेवली आहे, त्यामुळे फोटो उतरताना मजकूर खाली ढकलला जात नाही; नेट रखडतं अशा गावांत याचा फायदा जास्त.

तपासणी दोन तऱ्हांनी केली. एक, संपूर्ण पानावर ६ पिक्सेलचा ब्लर. अक्षरं पुसट झाली तरी तारखांचे आकडे आणि ‘आज’ची पट्टी ओळखू आली पाहिजे, आणि येते. दुसरी, शेजारच्या काकांच्या हाती भर उन्हात फोन दिला. चष्मा घरी होता. त्यांनी फोन हातभर लांब धरला आणि म्हणाले, ‘तारीख दिसता रे, पूण वेळ खंय आसा?’ वेळ देवस्थानाच्या नावाशेजारी बारीक अक्षरांत होती. ती आता स्वतंत्र ओळीत, २२ पिक्सेलमध्ये आहे. ‘नाटकाची माहिती’ हे बटणही ४४ पिक्सेल उंच केलं, डब्ल्यूसीएजी २.२ ची एए पातळी २४ वर भागवते, पण गर्दीत एका हाताने फोन धरणाऱ्याला तेवढं पुरत नाही.

पुढचं काम नाटकाच्या पानाचं. गावच्या हस्तपत्रकात लेखक, दिग्दर्शक, पात्रं, पार्श्वसंगीत, नेपथ्य, रंगभूषा, प्रकाशयोजना असं सगळं असतं आणि प्रत्येक नाव कोणाच्या तरी घरच्याला महत्त्वाचं असतं. एकही नाव गाळायचं नाही, तरी फोनवर ते सलग वाचता यावं. सध्या पात्र डावीकडे, कलाकार उजवीकडे अशा दोन रकान्यांत बसवतो आहे. लांब आडनावं आली की उजवा रकाना मोडतो. कुणी देवनागरीत अशी नामावली ३६० पिक्सेल रुंदीत नीट बसवली असेल तर रकान्यांचं प्रमाण काय ठेवलं ते जरूर कळवा.