पुणे ते मेलबर्न: घरघंटी, वॉशिंग मशीन आणि एक केरसुणी

आमचं सामान १२ जूनला सिंहगड रोडवरच्या घरातून निघालं आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीटमधल्या भाड्याच्या घरी पोहोचलं. न्हावा शेवाहून कोलंबो, तिथे दुसऱ्या जहाजावर चढवणं, मग मेलबर्न बंदर, मग डेपोतली, म्हणजे उतरलेलं सामान ठेवतात त्या गोदामातली तपासणी. सगळे मिळून जवळजवळ बारा आठवडे. या बारा आठवड्यांत जे कळलं ते जायच्या आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून सविस्तर लिहितेय. विशेषतः विजेवर चालणाऱ्या वस्तूंबद्दल, कारण सगळ्यांचे प्रश्न तिथेच येऊन थांबतात.

सुरुवातीला आम्हालाही वाटलं होतं की मुख्य अडचण कराची असणार. तसं नाही. वस्तू तुमच्या मालकीची असेल आणि परदेशात किमान १२ महिने वापरलेली असेल, तर ऑस्ट्रेलियात तिच्यावर ना आयात शुल्क, ना जीएसटी. त्यासाठी ‘बी ५३४’ नावाचा फॉर्म भरायचा असतो. मागाहून येणाऱ्या वैयक्तिक सामानाचं ते निवेदन. सोबत पासपोर्टची प्रत आणि सामानाची यादी. आम्ही इथे पोहोचल्यावर तो भरला आणि, एका नव्या मिक्सरचा अपवाद सोडला तर, कराचा प्रश्न एका ईमेलमध्ये संपला. खरी परीक्षा घेतं ते इथलं कृषी खातं. वस्तू केवढ्याची आहे यापेक्षा तिला काय चिकटलंय, हे ते बघतात: माती, बी, पीठ, गवताची काडी, किडा. मिक्सर असो की सायकल, सगळ्याला हाच नियम.

आणि आम्हाला तर घरघंटी न्यायची होती!

घरघंटी नेऊ नका, असं आम्हाला चार जणांनी सांगितलं. पण माझ्या मुलाला गव्हाचा त्रास होतो. ज्वारी, नाचणी, तांदूळ हे घरीच दळायचं, दुसऱ्या कुठल्या पिठाच्या संगतीत येऊ द्यायचं नाही, हा आमच्या घरचा पाच वर्षांचा नेम. त्यामुळे ती न्यायचीच हे ठरलं होतं, प्रश्न फक्त कशी न्यायची हा होता. वजन चाळीस किलोच्या वर, मोटर एक हॉर्सपॉवरची. विजेची अडचण नाही: ऑस्ट्रेलियातही २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच आहे, म्हणजे आपल्यासारखंच. ट्रान्सफॉर्मर लागत नाही. (अमेरिकेला जाणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. तिकडे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपली मोटर थेट लावता येत नाही.)

घरघंटी साफ करायला मला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी वरवर पुसली आणि झालं असं वाटलं. मग कंपनीच्या सर्व्हिसवाल्या दादांना बोलावलं. त्यांनी दळणाचा कप्पा उघडला आणि आतून वाटीभर पीठ निघालं. जाळीच्या मागे ज्वारीचे अख्खे दाणे अडकलेले, मोटरच्या हवेच्या फटींमध्ये पिठाचा थर, आणि खालच्या चाकांच्या खोबणीत केस, धूळ, बाल्कनीतली माती. दादा म्हणाले, “ताई, ओल्या फडक्यानं पुसू नका. पिठाची खळ होते, मग ती सुटत नाही.” आधी रंगाचा कोरडा ब्रश, मग ब्लोअर, मग जुन्या टूथब्रशने कोपरे, शेवटी स्पिरिट लावलेलं फडकं. सगळ्या जाळ्या सुट्या करून धुतल्या, उन्हात कडकडीत वाळवल्या. पीठ गाळणारी कापडी पिशवी फेकून दिली आणि नवीन, न वापरलेली, वेगळ्या पाकिटात ठेवली. कितीही धुतली तरी जुन्या पिशवीच्या विणीत पीठ राहतंच. शेवटी कप्पा उघडा ठेवून, बॅटरीच्या उजेडात, आतले फोटो काढले आणि ते यादीला जोडले. तपासनीसाला ते कितपत उपयोगी पडले हे मला सांगता येणार नाही. पण घरघंटी पहिल्या तपासणीत पास झाली.

हीच मेहनत प्रत्येक वस्तूला थोड्याफार प्रमाणात लागते. मिक्सरच्या बुडाशी, भांडं बसतं त्या गोल खाचेत, वर्षानुवर्षांचं वाटण वाळलेलं असतं. टोस्टरचा तळ उघडा, चुरा झटका. शिलाई मशीनच्या पायाखालची धाग्यांची गोळी काढा. व्हॅक्यूम क्लीनरची धुळीची पिशवी आणि फिल्टर नेऊच नका, नळीतून पाणी सोडा आणि पूर्ण वाळवा. सायकल आणि बूट तर दातांच्या ब्रशने घासायचे.

वॉशिंग मशीन फ्रंट लोडचं होतं, दोन वर्षांचं, म्हणून नेलं. अशा मशीनचा ड्रम आत स्प्रिंगवर लोंबकळत असतो. नवीन येताना मागे चार लांब बोल्ट लावून तो आवळलेला असतो, आणि बसवणारा माणूस ते काढून आपल्या हातात देतो. आपण ते कुठेतरी ठेवतो. ते शोधा! बोल्टांशिवाय मशीन जहाजावर चढवलं तर ड्रम आपटून निकामी होऊ शकतो. आमचे हरवले होते, सर्व्हिस सेंटरमधून मॉडेल नंबर सांगून मागवले, यायला दोन आठवडे गेले. खालच्या फिल्टरमधून पाणी पूर्ण काढा, दाराच्या रबराच्या घडीतली घाण पुसा आणि दार तीन-चार दिवस उघडं ठेवा. जूनमध्ये, पावसाळी हवेत, पॅकिंग करणाऱ्यांनी तर जास्तच दिवस ठेवावं. बंद खोक्यात ओल राहिली की दोन-अडीच महिन्यांनी बुरशीच हातात येते.

फ्रिज आम्ही मावशीला देऊन आलो. जागेचे पैसे घनमीटरवर लागतात, आणि तीनशे लिटरचा फ्रिज पॅकिंगसकट जवळजवळ एक घनमीटर खातो. शिवाय फ्रिज आणि एसीमधला गॅस कोणता यावर ऑस्ट्रेलियाचे वेगळे नियम आहेत, एजंट मागच्या पाटीचा फोटो मागतोच. इथे एक गोष्ट लक्षात घ्या: भाड्याच्या घरात साधारणपणे शेगडी आणि ओव्हन बसवलेले असतात, फ्रिज आणि वॉशिंग मशीन नसतात. ते आपले आपण आणायचे. जुना, चांगला फ्रिज शेजारपाजारच्या जाहिरातींत सहज मिळतो, आम्ही आल्याच्या तिसऱ्या दिवशी घेतला. जहाजाची वाट बघत तीन महिने फ्रिजशिवाय कोण राहणार?

बाकी न आणलेल्या वस्तू पटकन सांगते. गॅसची शेगडी नको, इथे गॅसचं उपकरण प्रमाणित हवं आणि जोडणी परवानाधारक माणसानेच करावी लागते. गिझर आणि वॉटर प्युरिफायर नको, मेलबर्नचं पाणी नळातून थेट पितात. इन्व्हर्टरची बॅटरी मूव्हर्स घेतच नाहीत. टीव्हीचा विचार करून ठरवा: आपल्याकडच्या बऱ्याच टीव्हींमध्ये इथल्या मोफत वाहिन्या पकडणारा ट्यूनर नसतो, इंटरनेटवरचं सगळं मात्र दिसतं.

नवीन वस्तूंची चूक आम्ही केली. दसऱ्याला घेतलेला मिक्सर निघताना नऊ महिन्यांचाही नव्हता. बिलावर तारीख स्पष्ट, म्हणजे १२ महिन्यांची अट पूर्ण नाही, आणि त्यावर कर भरावा लागला. खरं तर तो विमानातून सोबत आणायला हवा होता. प्रत्येक प्रौढ प्रवाशाला ९०० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या सर्वसाधारण वस्तू करमुक्त आणता येतात, मिक्सर त्यात आरामात बसतो. जायचं पक्कं झालं की नवीन खरेदी थांबवा, किंवा ती बॅगेत घालून न्या. जुन्या वस्तूंची बिलं शोधून एका फाईलमध्ये ठेवा.

आता यादीबद्दल, कारण आमचं सामान अडलं ते यादीमुळे. पॅकर्सच्या माणसांनी खोक्यांवर ‘किचन’, ‘किचन’, ‘इतर सामान’ असं लिहिलं होतं. मी म्हटलं, “दादा, आत काय आहे ते लिहा ना.” “मॅडम, सगळे असंच लिहितात, काही होत नाही,” असं उत्तर आलं आणि मीही दमलेली होते, सोडून दिलं. सोडायला नको होतं. ‘इतर सामान’ हे दोन शब्द वाचले की तपासनीस ते खोकं उघडणारच. प्रत्येक खोक्याला नंबर, आतल्या वस्तूंची नावं, उपकरणाचा मॉडेल नंबर आणि घेतल्याचं वर्ष, एवढं स्वतः बसून लिहा. लाकडाची वस्तू असेल तर ‘लाकडी’ असं स्पष्ट लिहा. आमचे पोळपाट, लाटणं आणि देव्हारा, तिन्ही जाहीर केलेले होते, तिन्ही बघितले, कीड नाही म्हणून सोडले.

खोकी नवीनच घ्या. शेजारच्या काकांनी प्रेमाने देवगडच्या आंब्यांच्या रिकाम्या पेट्या देऊ केल्या होत्या, आत पेंढा अजून तसाच. फळांची खोकी, अंड्यांचे ट्रे, पेंढा, गवत यांपैकी काहीही चालत नाही. जड मशीनसाठी लाकडी क्रेट केला तर त्या लाकडावर ‘आयएसपीएम १५’चा (पॅकिंगच्या लाकडातून कीड पसरू नये यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा) शिक्का हवा: गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह, शेजारी ‘आयएन’ (म्हणजे भारत) आणि पुढे लाकडावर उष्णतेची की धुरीची प्रक्रिया झाली त्याचं अक्षर. शिक्का स्वतःच्या डोळ्यांनी बघा, फोटो काढा.

पुण्यातल्या बाजूचं एकच सांगते. शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तू पुरावस्तू ठरतात, आणि १९७२च्या कायद्याने त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. आजोळचा तांब्याचा बंब मला फार हवा होता, पण त्याचं वय कुणालाच नक्की माहीत नव्हतं. पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र पुरातत्त्व खात्याकडून काढता येतं. आमच्याकडे तेवढा वेळ नव्हता. बंब भावाकडे आहे.

पैशांच्या बाबतीत ‘डोअर टू डोअर’ या शब्दांवर विसंबू नका. आमच्या कोटेशनमध्ये मेलबर्न बंदरातले हाताळणीचे पैसे, डेपोचं शुल्क आणि कृषी तपासणीचं शुल्क धरलेलंच नव्हतं, आणि शेवटचं बिल बघून मी खरंच हादरले. ते शुल्क तपासणीला लागलेल्या वेळेप्रमाणे वाढतं, म्हणजे अस्वच्छ सामान आणि मोघम यादी दोन्ही थेट खिशाला लागतात. पोहोचण्याच्या ठिकाणचे सगळे खर्च कोटेशनमध्ये लेखी मागा. विम्याची अटही वाचा: बाहेरून दिसणारं नुकसान भरून देतात, पण आतून मोटर बंद पडली तर बहुतेक पॉलिसी हात वर करतात. स्वतः भरलेल्या खोक्यांतली फुटतूटही सहसा धरत नाहीत. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येक मशीन चालू असल्याचा व्हिडिओ काढा.

डेपोतून फोन आला तो १७ नंबरच्या खोक्यासाठी. ‘इतर सामान’. ईमेलमध्ये फोटो होता आणि त्यात एक कोरी केरसुणी, दांड्याला हळदकुंकू लावलेली. मला ती आत असल्याचं माहीतच नव्हतं. शिंदीच्या पात्यांची, म्हणजे वाळलेल्या वनस्पतीची वस्तू, आणि यादीत तिचं नावसुद्धा नाही. पर्याय तीन: आपल्या खर्चाने त्यावर प्रक्रिया, परत पाठवणं किंवा नष्ट करणं. प्रक्रियेचा खर्च आणि त्यासाठी अख्खं सामान आणखी थांबणार हे ऐकून मी नष्ट करायला संमती दिली. फॉर्मवर सही करताना हात जड झाला होता.

आईला फोन केला. ती म्हणाली, “अगं, नव्या घरात लक्ष्मी नको का आधी? पॅकिंगवाले चहा पीत होते तेव्हा मीच ठेवली.” मी तिला सगळं खरं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग विचारलं, “आणि घरघंटी?”

घरघंटी आली तशी आम्ही ती एक दिवस नुसती उभी ठेवली. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तिचा, वॉशिंग मशीनचा आणि मिक्सरचा प्लग बदलून घेतला. इथला प्लग तीन चपट्या पिनांचा, वरच्या दोन तिरक्या. प्रवासाचे स्वस्त अॅडॉप्टर मोबाईलला ठीक, एवढ्या मोटरला लावू नका, तापतात. त्याने मशीन चालवून बघितलं, आवाज ऐकला आणि मग आम्ही पहिली ज्वारी दळली. धान्य मेलबर्नच्याच डँडेनाँग भागातल्या भारतीय दुकानातलं. भाकरी थापली तेव्हा मुलगा ओट्याशीच उभा राहून खायला लागला.

दिवाळीत, लक्ष्मीपूजनाला, आईने व्हिडिओवरून विचारलं की केरसुणीच्या जागी काय मांडलंय. इथल्या दुकानातला प्लास्टिकचा झाडू मांडला होता, नवा. “त्यालाच हळदकुंकू वाहा,” ती म्हणाली, आणि मी वाहिलं.