मोंसाँवची लॅम्प्रे आणि रविवारची गर्दी

मोंसाँव हे उत्तर पोर्तुगालमधलं, स्पेनच्या सीमेवरचं गाव. पोर्तोहून व्हालेन्सापर्यंत रेल्वे, पुढे बस. मोंसाँवचा किल्ला आणि मिन्यो नदीपलीकडचं स्पेन बघायला अर्धा दिवस पुरे. फेब्रुवारी-मार्चमध्ये इथे माणसं येतात ती लॅम्प्रे नावाचा मासा खायला, तोही त्याच्याच रक्तात शिजवलेल्या भातासोबत. शनिवार-रविवारी अख्खं पोर्तो लोटतं आणि मग घाईघाईत शिजवलेला, चिकट भात पुढ्यात येतो. त्यापेक्षा मधला वार गाठा आणि आदल्या दिवशी फोन करून ठेवा. मासा रात्रभर मुरावा लागतो. ‘लगेच देतो’ म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

लॅम्प्रे दिसते वामेसारखी, पण वामेच्या जातीची नाही. जबडा नाही, खवले नाहीत, काटा नाही. दोन्ही बाजूंना कल्ल्यांची सात-सात भोकं आणि तोंडाच्या जागी दातेरी गोल चकती. समुद्रात ती या चकतीने दुसऱ्या माशांना चिकटून त्यांचं रक्त पिते. नदीत चढली की खाणंच बंद. म्हणून हंगाम सरताना मिळणारी लॅम्प्रे रोडावलेली असते. मिन्यो नदीत काठापासून पाण्यात घुसलेल्या जुन्या दगडी भिंती आहेत, त्यांच्या फटींत जाळी लावतात. वर फ्रिएइराचं धरण आहे, तिथे तिची वाट संपते.

खरी कसोटी साफ करण्यात. आधी कढत पाण्यातून काढून सुरीच्या पाठीने सगळा बुळबुळीतपणा खरवडायचा. थोडा जरी राहिला तरी रश्शाला चिखलाचा वास येतो. मग खाली भांडं धरायचं, त्यात तांबडी वाइन आणि चमचा-दोन चमचे व्हिनेगर. शेवटच्या भोकाखाली चीर देऊन रक्त त्यात गाळायचं. व्हिनेगर विसरलात तर रक्ताच्या गुठळ्या होतात. आतडं मात्र अखंड, हळूहळू ओढून काढायचं. तुटलं तर मासा कडू. चार-चार सेंटिमीटरचे तुकडे करून लसूण, तमालपत्र, पार्स्ली घालून रात्रभर त्याच वाइनमध्ये ठेवायचे.

दुसऱ्या दिवशी ऑलिव्ह तेलात कांदा, मग तुकडे. ते शिजले की बाजूला काढून त्याच रश्शात कारोलिनो हा पोर्तुगालचा जाडसर तांदूळ. राखून ठेवलेलं रक्त अगदी शेवटी, मंद आचेवर. खळखळून उकळलं की फाटलंच. भात पातळच हवा, ताटात पसरणारा. गोव्याचं सोरपोतेल, म्हणजे डुकराचं मांस आणि रक्त घातलेला आंबट रस्सा, खाल्लेल्यांना हा काळपट आंबटपणा परका वाटणार नाही.

सोबत तांबडी व्हिन्यो व्हर्द, म्हणजे इथली आंबटसर वाइन, चिनी मातीच्या वाडग्यात. नुसती प्यायली तर दात आंबतात, पण या भाताबरोबर दुसरी कुठलीही वाइन मागवू नका.